१८ इंची बार आणि जाडजूड आंबा

अरे बाबा, चेनसॉच्या १८ इंची बारने, म्हणजे साखळी फिरते त्या पट्टीने, ३० इंच जाडीचं आंब्याचं खोड पडेल का विचारतोस? पडतं, पण आधी परवानगी, गोव्यात १९८४ च्या झाडांच्या कायद्याखाली वन खात्याचा कागद हातात आल्याशिवाय चेनसॉ सुरूच करू नकोस. मग जिकडे पाडायचंय तिकडे खोडाच्या पाव भागापर्यंत खाच घे, दोन्हीकडून कापून मधे जुळव. आता महत्त्वाचं, खाचेच्या मधोमध, नंतर मागून जो काप घ्यायचाय त्याच्याच लेव्हलला बारचं टोक सरळ आत घालून गाभा काप, रुंदीचा तिसरा हिस्साच हां, कारण मागून बार तिथवर पोचत नाही आणि तो न कापलेला गाभाच खोड उभं फाडतो. टोक घालताना खालच्या कोपऱ्याने सुरुवात कर, वरचा कोपरा टेकला की सॉ थेट तोंडावर उसळतो. मग मागून कापत गोल फिरत ये, फटीत प्लास्टिकच्या पाचरी ठोकत जा, आणि खाचेमागे गाभ्याच्या दोन्ही बाजूंना तीनेक इंच जाड लाकूड ठेवायचंच, तेच झाडाला दिशा देतं. जुन्या आंब्याचा भुसा काळपट, भुसभुशीत यायला लागला तर आतून कुजलाय, तिथेच थांब आणि जाणत्या माणसाला बोलव. पळायची वाट मागे तिरकी, पाऊस पडला की चिऱ्यावरचं शेवाळ निसरडं होतं, ती वाट आधीच घासून ठेव.