वाचकांचे प्रश्न : टाळ्या पडल्या, पण पटलं का?

प्रश्न : नमस्कार सर, मी बार्शीला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत वक्तृत्वात कायम पहिला नंबर यायचा, घरात ट्रॉफ्या ठेवायला जागा नाही. पण कॉलेजला आल्यापासून वादविवाद स्पर्धेत एकदाही काही मिळालं नाही. मागच्या महिन्यात विषय होता ‘७५ टक्के हजेरीची सक्ती असावी की नसावी’. मी ‘नसावी’ बाजूने बोललो, टाळ्या पण भरपूर पडल्या. नंतर एका परीक्षकांनी बाजूला घेऊन सांगितलं, भाषण छान झालं रे, पण पटलं नाही. म्हणजे नेमकं कमी काय पडलं? भाषण सोबत पाठवतोय.

उत्तर : अरे, त्या परीक्षकांना एक चहा पाज आधी, एवढं खरं कोणी सांगत नाही स्पर्धेत, ‘उत्तम प्रयत्न’ म्हणून पाठीवर थाप मारतात आणि निघून जातात.

तुझं भाषण दोनदा वाचलं. आधी ‘सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक महोदय, गुरुजनवर्ग आणि माझ्या युवा मित्रांनो’, मग एक सुविचार, मग एक शेर, मग पिंजरा आणि आकाश, आणि हजेरी हा शब्द पहिल्यांदा येतो तो तिसऱ्या परिच्छेदात. ७ मिनिटांतली दीड मिनिटं तिथंच गेली. टाळ्या पडल्या म्हणतोस, पडणारच की, मागे तुझेच दोस्त बसलेले आणि सक्ती नको हे त्यांना घरून निघतानाच पटलेलं होतं! पटवायचं होतं ते पुढच्या रांगेतल्या सरांना, ज्यांच्या सकाळी साडेसातच्या तासाला ६० पैकी ११ पोरं असतात आणि ज्यांच्या डोक्यात एकच वाक्य फिरतंय, ‘सक्ती काढली तर ही ११ पण यायची नाहीत’. या वाक्याला तुझ्या अख्ख्या भाषणात उत्तर नाही. तेच कमी पडलं.

यात तुझा फार दोष नाही म्हणा. शाळेत आपण ‘माझा आवडता नेता’ नाहीतर ‘पाणी हेच जीवन’ यावर बोलतो, लिहून सर देतात, पाठ आपण करायचं, हातवारे आई आरशासमोर बसवून घेते. पाणी हे जीवन नाही असं म्हणणारा हॉलमध्ये कोणीच नसतो, त्यामुळे समोरच्याचं ‘पण’ ऐकायची सवयच लागत नाही.

आता एक काम कर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण शोधून वाच, मूळ इंग्रजी आहे पण मराठी अनुवाद सहज मिळतो. सगळे त्याचा शेवटचा भाग सांगतात, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता वगैरे. तू सुरुवात बघ. सुरुवातीला आहेत नुसते आकडे! २ वर्षं ११ महिने १७ दिवस लागले, ११ अधिवेशनं झाली, १६५ दिवस कामकाज चाललं, त्यातले ११४ दिवस मसुद्यावर गेले. कशाला हे सगळं? कारण तेव्हा बाहेर बोललं जात होतं की संविधान सभा उगाच वेळ आणि जनतेचा पैसा घालवतेय. बाबासाहेब तो आरोप स्वतःच सभागृहात मांडतात. मग सांगतात की अमेरिकेचं काम ४ महिन्यांत उरकलं होतं, दक्षिण आफ्रिकेचं वर्षभरात, म्हणजे त्या दोघांपेक्षा आपल्याला जास्त वेळ लागला हे चक्क मान्य करतात. आणि मग हळूच, ऑस्ट्रेलियाला ९ वर्षं लागली होती. वर हेही की आपलं संविधान ३९५ कलमांचं, त्यावर तब्बल २,४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. वेळ घालवल्याच्या या आरोपाला उत्तर देताना शिवी नाही, फक्त आरोप करणाऱ्याच्या पायाखालची सतरंजी घडी करून ठेवली. पुढे श्रेय द्यायची वेळ आली तेव्हा संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांची नावं घेऊन दिलं. असा माणूस पुढे काही इशारा द्यायला लागला की आपण आपसूक ऐकतो, कारण हा स्वतःची लाल करत नाहीये हे तोवर कळलेलं असतं. अ‍ॅरिस्टॉटलने यालाच बोलणाऱ्याची विश्वासार्हता म्हटलंय, तर्क आणि भावना यांच्या जोडीने. ती सांगून येत नाही, अशा छोट्या गोष्टींतून दिसते.

तुझ्या भाषणाची सुरुवात मी करून बघितली, अशी काहीशी : ‘सर, सक्ती काढली तर वर्ग ओस पडतील ही भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. पण आज वर्ग भरलेत का? मंगळवारी अकाउंट्सच्या तासाला रजिस्टरमध्ये ५२ हजर होते. मी डोकी मोजली. २६.’ आणि गप्प. दोन सेकंद काहीच बोलायचं नाही, हॉलमध्ये प्रॉक्सी, म्हणजे दोस्ताकडून खोटी हजेरी, लावलेला प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघेल. आकडे माझ्या मनातले आहेत बरं का, तू खरोखर वर्गात बसून मोज आणि तेच सांग, परीक्षकाने विचारलं ‘हे कुठून आणलं’ तर मान वर करून सांगता आलं पाहिजे.

रचनेचं म्हणशील तर अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या अ‍ॅलन मन्रो यांनी १९३० च्या दशकात एक साधी चाल सांगितली, तिथल्या कॉलेजांत अजून शिकवतात. आधी लक्ष वेधा, मग अडचण दाखवा, मग उपाय, मग तो उपाय केला तर उद्या काय दिसेल त्याचं चित्र, आणि शेवटी ऐकणाऱ्याने नेमकं करायचं काय. आपल्या स्पर्धांत चौथी आणि पाचवी पायरी जवळपास नसतेच, घंटा वाजते आणि आपण कवितेच्या ओळी म्हणून ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’. सक्ती नको तर काय हवं? हजेरीऐवजी दर पंधरवड्याला छोटी टेस्ट? शेवटी ते सांग आणि खाली ये.

सरावाला एकच सांगतो. पुढच्या स्पर्धेआधी तीन दिवस विरुद्ध बाजूने बोल, अगदी मनापासून. ज्या मुद्द्याला ‘च्यायला, हे बरोबर आहे’ असं तुला स्वतःला वाटेल तो कागदावर लिही. तुझं खरं भाषण त्या कागदापासून सुरू कर.

प्रश्न : मॅनेजमेंटला आहे, नागपूर. पाठ एकदम पक्कं असतं पण स्टेजवर एक शब्द विसरला की पुढचं सगळं जातं, हात थरथरतात आणि माईकमध्ये श्वास ऐकू येतो.

उत्तर : शब्द न् शब्द पाठ केलंयस म्हणूनच जातं. माळेसारखं आहे ते, एक मणी निसटला की सगळी माळ खाली. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य, एवढंच पाठ कर. मधल्यासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच शब्द, मोठ्या अक्षरात, आणि प्रत्येक शब्दावरून घरात रोज वेगवेगळ्या वाक्यांत बोलायचं, भाजी निवडणाऱ्या आईशी बोलल्यासारखं. ए-फोर कागद हातात धरू नको, हात दोन मिलीमीटर थरथरला तर तो कागद वीतभर फडफडतो आणि मागच्या रांगेला पण दिसतं. माईक तोंडासमोर न धरता हनुवटीच्या जरा खाली धर, श्वासाचा आवाज जाईल. आणि विसरलीस तर सरळ थांब, पाणी पी. तुला एक मिनिट वाटतं ते समोरच्यांना तीन सेकंद असतं, मोबाईलवर रेकॉर्ड करून बघ खोटं वाटलं तर. थरथर पूर्ण जाईल असं काही नाही हं, माझी पंचवीस वर्षांत गेलेली नाही.

प्रश्न : सर मी अकोल्याच्या बाजूच्या खेड्यातला, पुण्यात शिकतो. बोलताना वऱ्हाडी येतेच, ‘ण’ चा ‘न’ होतो, पोरं हसतात. भाषणासाठी पुणेरी मराठी शिकू का?

उत्तर : ‘ण’ चा सराव कर, परीक्षकांच्या कागदावर उच्चाराला मार्क असतात तर ते उगाच कशाला सोडायचे, रोज दहा मिनिटं मोठ्याने पेपर वाचलास तर दोन महिन्यांत जमेल. बाकी हेल, लकब, शब्द, काही बदलू नकोस. उसनं पुणेरी बोललास की अर्धं डोकं भाषेकडे राहतं आणि मुद्दा निसटतो, मी पाहिलंय असं होताना.

आणि पटवून देण्याचंच म्हणशील तर तुझ्याच भागातला केवढा मोठा माणूस आहे, गाडगेबाबा! शाळेत गेलेले नाहीत, बोली पक्की वऱ्हाडी, आणि हजारो लोक रात्र-रात्र कीर्तनाला बसायचे. त्यांची पद्धत बघ. ते स्वतः फार थोडं सांगायचे आणि लोकांना प्रश्न विचारायचे. कर्ज काढून सण करावा का, पोराला शाळेत घालावं का, दारू प्यावी का, असं साध्या शब्दांत, आणि उत्तर समोरच्या गर्दीकडून काढून घ्यायचे. गर्दी एकदा स्वतःच्या तोंडाने ‘नाही’ म्हणाली की तिला वेगळं पटवायला काय उरतं? जेवायचं ताट विका, हातावर भाकरी घेऊन खा पण पोरांना शिकवा, हे त्यांचं म्हणणं आजही गावागावात लोकांना तोंडपाठ आहे.

पुढच्या भाषणात एक खरा प्रश्न हॉलला विचार, तुझ्या घरच्या बोलीत विचार, आणि उत्तर येईपर्यंत थांब. पहिल्यांदा कोणी बोलणार नाही, मग तोच प्रश्न हसणाऱ्या पोरांकडे बघून परत विचार.