एका साडीला एकच पत्ता

इंदूरच्या तुझ्या दुकानातल्या माहेश्वरी साड्या तू आता वेबसाइटवर विकायला ठेवल्यास, फार बरं केलंस. आता यूआरएलकडे, म्हणजे प्रत्येक पानाच्या वेब-पत्त्याकडे बघ. एकच साडी ‘नवीन’, ‘सिल्क’, ‘सणासाठी’ अशा तीन विभागांतून तीन वेगळ्या पत्त्यांवर उघडते आणि गूगलला ती तीन पानं दिसतात. विभागाचं नाव पत्त्यातून काढ. दुकानाच्या डोमेननंतर (वेबसाइटच्या मुख्य नावानंतर) थेट साडीचं नाव येऊ दे. शब्दांमध्ये अंडरस्कोअर (_) नको, हायफन (-). रंग-किमतीच्या फिल्टरमुळे पत्त्याला प्रश्नचिन्हापुढे शेपूट वाढतं, तिथे कॅनॉनिकल टॅगने, म्हणजे पानाच्या कोडमधल्या एका ओळीने, गूगलला मूळ पान दाखव.

जुने पत्ते मात्र नुसते पुसू नकोस गं! प्रत्येकाला त्याच साडीच्या नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट दे, म्हणजे जुना पत्ता उघडणारा कायमचा आपोआप नव्यावर जाईल. सगळे होमपेजवर ढकलले तर गिऱ्हाईकही चुकतं, गूगलही. हे रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेव आणि साइटमॅपमध्ये (गूगलला द्यायच्या पानांच्या यादीत) फक्त नवे पत्ते टाक.