सिंगापूरचा शेवटचा दिवस

अगं, पहिलीच ग्रुप टूर ना? मग ऐक. शेवटच्या दिवशी मर्लायनपाशी, म्हणजे त्या सिंहाच्या तोंडाच्या माशाच्या पुतळ्यापाशी, फोटो झाले की बस मुस्तफा सेंटर या मोठ्या दुकानाशी सोडते आणि सगळ्यांच्या अंगात येतं. मीही पहिल्या खेपेला पिशव्या भरभरून चॉकलेटं घेतली. ठाण्याला येऊन बघते तर त्यातली निम्मी आपल्या गोखले रोडवर मिळतात! तेव्हा यादी नौपाड्यातूनच करून ने, माणसागणिक. जावेचं नाव विसरू नकोस, वर्षभर ऐकावं लागतं.

पासपोर्ट पर्समध्येच हवा. एका दुकानात १०० सिंगापूर डॉलर किंवा जास्त खरेदी झाली की ९ टक्के जीएसटी परत मागता येतो, थोडी फी कापून. पण बिल करतानाच पासपोर्ट दाखवायचा. सगळ्याच दुकानांत ही सोय नसते, आधी विचार. चांगी विमानतळावर त्यासाठी यंत्रं आहेत. मोठी बॅग आत देण्याआधी ते काम उरक, कारण वस्तू दाखवा म्हणाले आणि बॅग पट्ट्यावरून गेलेली असली, तर बस हात चोळत.

अत्तराची मोठी बाटली मोठ्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या. माझी दीडशे मिलीची बाटली सिक्युरिटीला गेली. अर्धीच भरलेली होती, पण बाटलीवरचा आकडा १००च्या आत लागतो. दशम्या-चिवड्याचे डबे संपवून टाक, तेवढीच जागा होते. घरून वजनाचा हूकवाला काटाही ने. आदल्या रात्री बॅगेवर बसून चेन लागते गं, वजन नाही कमी होत.