वाचकांचे प्रश्न : तीन पिल्ले गेली, एक राहिले

प्रश्न : आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. आषाढातल्या पावसात घरामागच्या सरपणाखाली मांजरीची चार पिल्ले भिजून गारठलेली सापडली. ती महिन्याभराची असावीत. मांजर दोन दिवस फिरकली नव्हती, म्हणून त्यांना घरात आणून लगेच गाईचे दूध पाजले. तिसऱ्या दिवशी एकाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले व ते रात्रीतच गेले; पुढच्या चार दिवसांत सलाईन लावूनही आणखी दोन गेली. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी फार कमी निघाल्या आणि डॉक्टरांनी पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराचे निदान केले. सासूबाई म्हणतात, दुधानेच गेली. आठ वर्षांची मुलगी दुसरे पिल्लू हवे म्हणून रडते. माझे काय चुकले?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी सासूबाईंच्या म्हणण्याविषयी. गाईच्या दुधातील लॅक्टोज पिल्लांना नीट पचत नाही आणि त्यामुळे जुलाब होऊ शकतात, हे खरे. परंतु दुधाने पांढऱ्या पेशी घटत नाहीत. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू वेगाने वाढणाऱ्या पेशींवर, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आणि पांढऱ्या पेशी जिथे तयार होतात त्या अस्थिमज्जेवर, हल्ला करतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा दोन ते सात दिवस जातात. तिसऱ्याच दिवशी उलट्या सुरू झाल्या, त्याअर्थी ही पिल्ले सरपणाखाली असतानाच लागण घेऊन बसली असण्याची शक्यता अधिक आहे, आणि लस न टोचलेल्या पिल्लांमध्ये हा आजार उपचार करूनही पुष्कळदा जीव घेतो.

तुमचे काहीच चुकले नाही, असे मात्र मी लिहिणार नाही, कारण तुम्ही प्रश्न सरळ विचारला आहे. गारठलेल्या पिल्लाला आधी कोरडे करून, फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीजवळ ठेवून हळूहळू ऊब द्यावी लागते; अंग थंड असताना पोटात गेलेले अन्न पचत नाही आणि ठसका लागून ते फुप्फुसात जाण्याचाही धोका असतो. त्यानंतर पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर पाजावी, तीही पिल्लाला पालथे ठेवून, कधीही उताणे धरून नव्हे. एवढे पुढच्या वेळेसाठी. या तिघांचा मृत्यू या चुकीच्या माथी मारता येत नाही.

दुसरे पिल्लू सध्या आणू नका. हा विषाणू घरात वर्षभरही तग धरतो आणि आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे फिनाईल येथे उपयोगाचे नाही, शिवाय ते मांजरांना विषारी ठरते. पिल्लांची गोधडी, खोके टाकून द्या. फरशी साबणाने धुऊन, एक लिटर पाण्यात सुमारे 30 मिलिलिटर घरगुती ब्लीच मिसळून दहा मिनिटे ओली ठेवा, मग स्वच्छ पाण्याने पुसून घ्या, आणि तोवर मांजर त्या खोलीत येऊ देऊ नका. माणसांना या आजाराची लागण होत नाही. पुढे कधी आणायचेच झाले, तर लसीकरण पूर्ण झालेले मोठे मांजर आणावे. पिल्लांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते व सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते.

मुलीला पिल्ले ‘झोपली’ किंवा ‘आईकडे गेली’ असे सांगितले असेल, तर ते आजच दुरुस्त करा. मुले झोपेलाच घाबरू लागतात, किंवा सरपणापाशी जाऊन वाट पाहत बसतात. ती आजारी होती, मेली, आणि घरात अजून तो आजार असल्याने नवे पिल्लूही दगावेल, एवढे सरळ सांगणे तिला पेलवते. तुम्हालाही रडू आले तर तिच्यासमोर आवरण्याची गरज नाही. ‘मांजरच तर होते’ म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नका.

वाचलेले चौथे पिल्लू बरे दिसत असले तरी काही आठवडे विष्ठेतून विषाणू टाकू शकते, म्हणून त्याला आळीतल्या मांजरांपासून दूर ठेवा. त्याचे रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि आकडा वहीत लिहिण्याचे काम मुलीकडे द्या. या वयात वजन दररोज दहा-पंधरा ग्रॅमने वाढायला हवे. ते एक दिवसही घटले, तर पिल्लू खेळत असले तरी त्याला दवाखान्यात न्या.