प्रकृती बरी आहे ना? स्वभाव, प्रकृती, गुण आणि खोड

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतील शिक्षकांचा प्रश्न असा : 'शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर मी रोज एखाद्या तत्त्वज्ञाचं वाक्य लिहितो. हाताशी असलेलं पुस्तक कन्नड आहे. त्यात कुठे "मानव स्वभाव" येतं, कुठे "प्रकृति". परवा मी लिहिलं, "मानवी प्रकृती सवयीने घडते – अ‍ॅरिस्टॉटल." आमच्या बाई म्हणाल्या, हे आरोग्य खात्याचं वाक्य वाटतंय. प्रकृती चूक की बरोबर? की दोन्ही चालतात?'

सर, बाईंचा कान पक्का आहे. पण वाक्यात आणखी एक घोटाळा आहे आणि तो मोठा आहे. जी सवयीने घडते तिला प्रकृती म्हणतच नाहीत.

आधी बाईंचा मुद्दा. मराठीत 'प्रकृती कशी आहे?' या प्रश्नाला कुणी 'जरा रागीट आहे' असं उत्तर देत नाही. प्रकृती बरी असते, बिघडते, सुधारते, तोळामासा असते. ही सगळी क्रियापदं तब्येतीची आहेत. तोच शब्द कन्नडमध्ये वाचला की डोळ्यांपुढे डोंगर, झाडं, पाऊस येतो, कारण तिथे 'प्रकृति' म्हणजे मुख्यतः आपला निसर्ग. म्हणजे चिकोडी-निपाणीकडचं दोन्ही भाषांत शिकणारं पोर हे वाक्य वाचेल तेव्हा एक तर त्याला ताप-खोकला आठवेल, नाही तर आंबोलीचा घाट. अ‍ॅरिस्टॉटल आठवणं कठीणच.

तरीही 'प्रकृती म्हणजे फक्त तब्येत' असं म्हणता येत नाही. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण बाईही वापरत असतील आणि तिच्यात तब्येतीचा संबंध नाही. दोन अर्थांना जोडणारा पूल आयुर्वेदात सापडतो. तिथे प्रकृती म्हणजे वात, पित्त, कफ यांच्या प्रमाणावरून ठरलेली माणसाची जन्मजात घडण, आणि तिच्यात शरीराबरोबर मनाचा कलही आला. मराठीने त्यातला शरीराचा भाग रोजच्या बोलण्यात ठेवला, मनाचा भाग म्हणीत राहिला. सांख्य दर्शनात तर प्रकृती एका माणसाची नसतेच. पुरुष (म्हणजे शुद्ध चैतन्य) सोडून जे काही आहे त्या सगळ्याचं ती मूळ, आणि सत्त्व, रज, तम हे तिचे तीन गुण. त्या अर्थाने 'मानवी प्रकृती' म्हणणं म्हणजे समुद्राला 'खानापूरचा समुद्र' म्हणण्यासारखं.

आता शब्द फोडून पाहू. प्रकृतीत 'कृ' आहे, करणे : आधीच करून ठेवलेली मूळ घडण. स्वभावात 'भू' आहे, असणे : आपलं आपण असणं. ग्रीकांचा 'फ्यूसिस' वाढण्याच्या धातूवरून आला, रोमनांचा 'नातुरा' जन्मण्याच्या. जन्माकडून आलेले शब्द आपल्याकडेही आहेत. 'उपजत' आहेच. 'जात्याच हुशार' मधला 'जात्या' म्हणजे 'जाति' या संस्कृत शब्दाची तृतीया, 'जन्माने'. त्याचा दळणाच्या जात्याशी संबंध नाही, हे मुलांना एकदा सांगून टाकावं. या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. ते सांगतात ते आधीपासून असतं, नंतर लागत नाही.

म्हणून तुमचं वाक्य अडखळतं. अ‍ॅरिस्टॉटल 'निकोमाखसचे नीतिशास्त्र' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच म्हणतो की सद्गुण आपल्यात निसर्गतः नसतात. उदाहरण दगडाचं देतो : दगड खाली पडतो हा त्याचा निसर्ग, त्याला दहा हजार वेळा वर फेकलं तरी वर जायची सवय लागणार नाही. पण सद्गुण निसर्गाविरुद्धही नसतात. ते घेण्याची क्षमता आपल्याला निसर्गाने दिलेली असते आणि सवयीने ती पुरी होते. तिथेच तो एक शब्दचर्चाही करतो : ग्रीकमध्ये सवयीचा शब्द आणि शीलाचा शब्द यांत पहिल्या स्वराच्या ऱ्हस्व-दीर्घाचाच काय तो फरक. म्हणजे सवयीने घडतं ते शील. 'मानवी प्रकृती सवयीने घडते' हे वाक्य त्याच्या नेमकं उलट अर्थाचं होऊन बसलं.

मग 'शील' लिहावं का? अर्थाने तोच शब्द योग्य. सहनशील, दानशील यांत तो अजून स्वच्छ आहे. एकटा वापरला की मात्र मराठी वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ आवळून टाकलाय, आणि चारित्र्याचीही तीच गत. मुलांसाठी मी 'वळण' निवडेन. हा मराठीचा फार ताकदीचा शब्द आहे. अक्षराला वळण असतं, रस्त्याला असतं, पोराला असतं, आणि तिन्ही ठिकाणी पुन्हा पुन्हा गिरवणं किंवा चालणं गृहीत आहे. क्रियापदंही बोलकी आहेत. स्वभाव असतो. सवय लागते. खोड जडते, मग ती मोडावी लागते. वळण मात्र कुणीतरी लावतं. 'चांगलं वळण सवयीनं लागतं' या वाक्यात अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं शाबूत राहतं आणि चौथीच्या पोरालाही कळतं. (खोड लिहिताना लिंग सांभाळा : ती खोड म्हणजे वाईट सवय, ते खोड म्हणजे झाडाचा बुंधा.)

आपल्या म्हणी मात्र सवयीवर विश्वास ठेवायला तयार नाहीत. स्वभावाला औषध नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. या तिसऱ्या म्हणीची सख्खी बहीण आपल्या शेजारी कन्नडमध्ये आहे : 'हुट्टु गुण सुट्टरू होगदु', जन्माचा गुण जाळला तरी जात नाही. जाळणं दोन्हीकडे आहे, पण मराठीने काथ्याचा दोर आणून चित्र उभं केलं आणि कन्नडने हुट्टु-सुट्टु असं यमक जुळवलं. कन्नड म्हणीतला 'गुण' म्हणजे स्वभाव. मराठीत गुण सहसा चांगलाच असतो, वाईटाला अवगुण म्हणतात; 'वाण नाही पण गुण लागला' यासारख्या म्हणीत आणि 'दाखवलेस ना आपले गुण' अशा टोमण्यात तेवढा तो कन्नड अर्थाजवळ जातो. म्हणून कन्नड पुस्तकात 'गुण' दिसला की डोळे मिटून तोच शब्द मराठीत उतरवू नका. बहुतेक ठिकाणी तिथे 'स्वभाव' हवा असतो.

गीतेतला 'प्रकृतिं यान्ति भूतानि निग्रहः किं करिष्यति' (3.33) हा चरणही फळ्यावर लिहावासा वाटेल. इथे प्रकृती शब्द अगदी जागच्या जागी आहे. पण तेवढाच लिहिला तर तो सुंभाच्या म्हणीसारखा वाजतो, 'निग्रह करून काय होणार!' लगेच पुढच्या श्लोकात राग-द्वेषांच्या ताब्यात जाऊ नकोस असं सांगितलंय. लिहायचंच असेल तर दोन्ही मिळून लिहा. फळा छोटा असेल तर दुसरं काहीतरी निवडा.

आता 'मनुष्यस्वभाव'. मराठीत नुसता 'स्वभाव' म्हटला की तो एका कुणाचा तरी असतो : तिचा स्वभाव तिखट, त्याचा घुमा. तत्त्वज्ञ बोलतो ते सगळ्या माणसांत समान असलेल्या गोष्टीबद्दल. तेव्हा 'मनुष्य-' किंवा 'मानवी' हे जोडावंच लागतं. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1739-40 मध्ये ज्या विषयावर आपला मोठा ग्रंथ छापला, तो हाच. याउलट एखाद्याच्या मूळ कलाबद्दल बोलायचं तर 'पिंड' आहे : त्याचा पिंड मास्तराचा. 'माणुसकी' या कामाला अजिबात नको. ती स्वभावाचं वर्णन करत नाही, अपेक्षा सांगते. मनुष्यस्वभावात हेवाही बसतो, माणुसकीत बसत नाही.

चीनमधला मेन्सियस आणि त्याच्या नंतरचा शुन्त्झ यांचा वाद या शब्दाने सहज मराठीत येतो : एक म्हणतो मनुष्यस्वभाव मुळात चांगला, दुसरा म्हणतो मुळात वाईट. मेन्सियसचा दाखला पाण्याचा आहे. पाणी जसं उताराकडे जातं तसा माणूस चांगुलपणाकडे. इथे 'वळणाचं पाणी वळणावर' ही म्हण जोडायचा मोह होईल, पण आवरा. मराठीत ती बहुधा नाक मुरडूनच म्हटली जाते. पाणी तेच, पण आपलं पाणी वाईटाकडे वाहतं.

सगळ्या शाळांत घासून गुळगुळीत झालेलं 'माणूस हा सामाजिक प्राणी आहे' हेही अ‍ॅरिस्टॉटलचंच, पण त्यातला एक शब्द गळालाय. 'माणूस निसर्गतः' असं तो म्हणतो, आणि 'सामाजिक'च्या जागी 'पोलिस' म्हणजे नगरराज्य या शब्दापासून केलेलं विशेषण आहे. (आपला चौकातला पोलीसही त्याच कुळातला.) बघा, 'निसर्गतः' मध्ये निसर्गाचा जुना अर्थ अजून टिकून आहे, तिथे झाडं-डोंगर कुणाला आठवत नाहीत.

'आपण जे वारंवार करतो तेच आपण असतो' हे वाक्यही सवयीच्या संदर्भात तुमच्या पुस्तकात असण्याची दाट शक्यता आहे. ते अ‍ॅरिस्टॉटलचं नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात सांगताना अमेरिकन लेखक विल ड्युरंटने 1926 मध्ये ते लिहिलं. वाक्य चांगलं आहे, खाली नाव ड्युरंटचं लिहा.

लेखनाचं थोडं. मराठीत 'प्रकृती' दीर्घ, पण समासात पहिलं पद ऱ्हस्व : प्रकृतिधर्म, प्रकृतिस्वास्थ्य. कन्नडमध्ये ते एकटं असतानाही ऱ्हस्वच, म्हणून उतरवताना चूक होते. उच्चार दोन्हीकडे 'रु'चा असला तरी 'प्रक्रुती' लिहू नये. 'मानव स्वभाव' असं तोडून लिहिणं कन्नड पुस्तकातून आलंय. मराठीत एक तर 'मानवी स्वभाव', नाही तर जोडून 'मानवस्वभाव'. 'तत्त्वज्ञ'मध्ये तत् अधिक त्व, म्हणून दोन त.

आणि फळ्याचं शीर्षक 'तत्त्वज्ञांची वचने' असेल तर ते बदलून 'तत्त्वज्ञांचे विचार' करा. आपल्या भागात वचन म्हटलं की कन्नड वाचणाऱ्याला बाराव्या शतकातले बसवण्णा आणि शरण, म्हणजे त्यांच्याबरोबरचे शिवभक्त, यांची वचनं आठवतात. खाली ग्रीसचा माणूस निघाला की तो गोंधळतो.