सतरंजी कुणी घालायची?

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. 'आधी लेखिका म्हणून नाव होऊ दे काका, मग लोकांचं बघेन,' हे वाचून डोकं फिरलं, म्हणून उत्तराला चार दिवस लावले. कादंबरी अडली की शनिवारची मराठी शाळाच कशी गं आठवते सोडायला? नोकरी नाही आठवत!

लंडनमध्ये तुझी बस रोज स्ट्राउड ग्रीन रोडवरून जाते. ७६ नंबरपाशी कधी उतरलीस? जॉन ला रोझ आणि सारा व्हाइट यांनी १९७३ साली तिथे 'न्यू बीकन बुक्स'चं दुकान थाटलं. ला रोझ त्रिनिदादचा, कामगार चळवळीत मुरलेला. काही वर्षं व्हेनेझुएलात मास्तरकी करून १९६१ साली लंडनला आला. मुळात कवी. १९६६ साली त्यानं राहत्या घरातून प्रकाशन सुरू केलं आणि पहिलं पुस्तक काढलं ते स्वतःच्या कवितांचं. नाक मुरडू नकोस. तू ज्या प्रकाशकांच्या उत्तराची वाट बघत बसली आहेस, त्यांच्या दारात तो ताटकळला नाही. १९६९ साली त्याच्याच घरात कॅरिबियन मुलांची पूरक शाळा भरू लागली. म्हणजे सतरंजी कवीनंच घातली.

लंडनमध्ये शिकवणाऱ्या ग्रेनेडाच्या बर्नार्ड कोअर्डची पुस्तिका १९७१ सालची. इंग्लंडच्या शाळा वेस्ट इंडियन पोरांना 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या शाळांत कशा ढकलतात, हे त्यानं थेट आईबापांना उद्देशून लिहिलं. छापली न्यू बीकननं. ज्याच्या घरी ती पोरं शिकायला येत होती, त्याला हस्तलिखिताचं मोल कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कळतंय का मी काय म्हणतोय? सतरंजी घालणं आणि लिहिणं ही दोन कामं नाहीत. एकच आहे.

जानेवारी १९८१मध्ये लंडनच्याच न्यू क्रॉस भागातल्या एका घराला आग लागून तेरा कृष्णवर्णीय तरुण मुलंमुली गेली. त्यांना न्याय मिळावा म्हणून उभ्या राहिलेल्या कृती समितीचा अध्यक्ष कोण? हाच कवी, ला रोझ. २ मार्चला, सोमवारी, ऐन कामाच्या दिवशी हजारो माणसं हाइड पार्कपर्यंत चालत गेली. पुढच्याच वर्षी त्यानं सहकाऱ्यांबरोबर कृष्णवर्णीय आणि तिसऱ्या जगातल्या पुस्तकांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन उभं केलं.

आता म्हणशील, कविता किती झाल्या त्याच्या? संग्रह दोन, १९६६ आणि १९९२. माझा तर एकच. मंडळाच्या हिशेबाच्या वह्यांनी माझी कविता खाल्ली असं मित्र म्हणतात. म्हणू देत. दुसरा संग्रह निघाला नाही याची हळहळ आहे, खोटं कशाला बोलू? पण घरी बसलो असतो तर निघाला असता, हे मला कुणी सिद्ध करून दाखवावं. मला नाही पटत. जे चार बरे शब्द लिहिले, ते हॉलमधल्या खुर्च्या आवरतानाच सुचले.

आणि तुझ्या दुसऱ्या प्रकरणातली ती आई! पाठ केल्यासारखी काय बोलते? मुलांना सोडायला येणाऱ्या बायका दारात उभ्या राहून व्हिसाचं, सासूचं, पार्किंगच्या दंडाचं काय काय बोलतात, ते कान देऊन ऐकलं असतंस तर ती अशी बोलली नसती. ते प्रकरण नव्यानं लिही आणि पाठव, बारकाईनं वाचीन. शाळेच्या किल्ल्या मात्र माझ्याकडे आणून देऊ नकोस, मी घेणार नाही.

तुझा,
काका