जुनी डिझेल जीप तळणीच्या उरलेल्या तेलावर चालवावी, की तिला सीएनजी बसवावा?

तुमची जीप जुन्या, साध्या इंधन-पंपाची आहे, ओळखीच्या हॉटेलातून तळणीचे उरलेले तेल मिळू शकते आणि ते गाळून टाकीत ओतावे की सीएनजी किट बसवावे, असे तुम्ही विचारले आहे. मी डिझेल इंजिनांचे इंधन-पंप आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझल दुरुस्त करण्याचे काम करतो. माझे मत असे की, या दोन्ही गोष्टी न करता अशा तेलापासून रीतसर तयार केलेले बायोडिझेल डिझेलमध्ये मिसळून वापरावे.

सीएनजीची अडचण मुळातली आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण १६ ते २० पट दाबली जाऊन इतकी तापते, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सीएनजीतील मिथेन मात्र ५०० अंश सेल्सिअसच्याही वर गेल्याशिवाय आपणहून पेटत नाही, त्यामुळे स्पार्क प्लग बसवावे लागतात, दाबाचे प्रमाण उतरवण्यासाठी पिस्टन किंवा हेड बदलावे लागते आणि हवा-गॅसच्या मिश्रणाची नवी व्यवस्था करावी लागते. ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेतही बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) पेट्रोल गाड्यांसाठी किटची, तर साडेतीन टनांखालील बीएस-६ डिझेल गाड्यांसाठी अख्खे इंजिनच बदलण्याची तरतूद आहे. जुन्या जीपवर एवढा खर्च करणे मला योग्य वाटत नाही.

आता तेलाविषयी. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, हे खरे आहे, आणि तुमच्या इंजिनातही तसे तेल पेटेल. पण खाद्यतेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते, त्यामुळे नोझलमधून बारीक फवारा न उडता जाड थेंब पडतात, ते पुरते जळत नाहीत, नोझलच्या टोकाशी काजळीचा थर साचतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि न जळलेले तेल खाली उतरून इंजिन ऑइल घट्ट करते. वापरलेल्या तेलात शिवाय पाणी आणि आम्लेही असतात, ज्यांनी पंपाचे भाग गंजतात. दुसरी टाकी बसवून, रेडिएटरच्या गरम पाण्याने तेल तापवून, सुरुवात आणि शेवट डिझेलवर करण्याची पद्धत आहे; मात्र गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत तेल तापेपर्यंत प्रवासच संपतो.

बायोडिझेल करताना तेलावर मिथेनॉल (एक प्रकारचे अल्कोहोल) आणि कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया होते, ग्लिसरीन वेगळे होऊन खाली बसते आणि दाटपणा डिझेलच्या जवळ येतो. हे घरी करू नका, कारण मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. बायोडिझेल विकत घेताना आयएस १५६०७ या मानकानुसार झालेल्या चाचणीचा अहवाल मागा. आरंभी १० टक्क्यांहून अधिक मिसळू नका. बायोडिझेल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो, म्हणून पहिल्या काही टाक्यांपर्यंत एक नवा डिझेल फिल्टर गाडीत ठेवा आणि गाडी ओढेनाशी झाली, तर आधी तोच बदला. जुने रबरी पाइप याने फुगतात. तेही सुरुवातीलाच बदलून घ्या. गाडी बराच काळ उभी राहणार असेल, तर त्याआधीची टाकी साध्या डिझेलचीच भरा, कारण साठवलेले बायोडिझेल पाणी ओढते आणि खराब होते.